जन्म देणाऱ्या स्त्रीचे नाव

"बसणाऱ्याला कंबर असते, हे या सुताराला कोणी सांगितलंच नसणार," आई बेबीच्या कानाशी पुटपुटली. "आणि ही बघ, पाऊण बाक अडवून बसलीय. लहानपणापासूनची खोड."

पाऊण बाक अडवून बसलेली मावशी बोटभर सरकली. "घे. आता बस पाय पसरून महाराणीसारखी."

"दिलंस तर काय, बोटभर."

"होतं तेवढं दिलं."

एक बहीण एकोणऐंशीची, दुसरी बहात्तरची, आणि दोघींच्या मधे बावन्न वर्षांची बेबी. कागदावरचं तिचं नाव वेगळं होतं. शाळेत, बँकेत, दुकानाच्या पाटीवर तेच चालायचं. घरात मात्र ते कोणी घेतलंच नाही. पाळण्यात होती तेव्हापासून ती बेबी, आणि आता स्वतः आजी झाली तरी बेबीच.

जन्मनोंदीच्या कार्यालयातली ती लांबट खोली औषधालाही सूर्य न दिसणारी. काउंटरच्या काचेला भोक असं की बोलायचं तर वाकावं लागे आणि ऐकायचं तर मान वळवावी लागे. बेबीची ही चौथी खेप. म्हाताऱ्या मात्र पहिल्यांदाच आल्या होत्या.

कारण लेकीचं होतं. जावयाला परदेशात काम लागून दोन वर्षं झाली. लेक इथे, तीन वर्षांच्या नातीला घेऊन. नात रोज संध्याकाळी फोनच्या काचेवर बापाचा पापा घ्यायची आणि मग फ्रॉकने काच पुसायची. ते पुसणं बघितलं की बेबी उठून आत जायची. त्यातून वाट निघत होती ती आजोबांमुळे. आजोबा, म्हणजे आई-मावशीचे वडील, जन्मले त्याच देशात. जहाजावर सुतारकाम करत इथे उतरले आणि इथलेच झाले. त्यांच्यापासून लेकीपर्यंत जन्माचे दाखले ओळीने लावून दाखवले तर लेकीला तिकडचा पासपोर्ट मिळणार होता. पण या महिनाअखेरपर्यंतच. पुढे कायदा बदलणार, पणजोबा चालणार नव्हते.

आजोबांचा दाखला समुद्रापलीकडून पंधरा दिवसांत आला. आईचा मिळाला, लेकीचा होताच. अडला तो बेबीचा. मूळ कागद तळघरातल्या ट्रंकेत होता. पाइप फुटला आणि ट्रंकेत लगदा उरला. नक्कल काढायची म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून ती पहिल्यांदा इथे आली होती.

त्या वर्षाची सूची हरवलेली. मग या कार्यालयाच्या रीतीप्रमाणे कारकुनाने अख्खी वही समोर ठेवली. एकेका ओळीखाली तो लाकडी पट्टी धरायचा, बेबीने नाव वाचायचं, तो म्हणायचा, "पुढे." पट्टी खाली सरकायची. असे दोन दिवस गेले. गेल्या आठवड्यात, तिसऱ्या खेपेला, तिचं नाव आलं. वडिलांचं बरोबर, आईचं बरोबर, तारीख बरोबर.

"हीच," बेबी म्हणाली.

कारकून "पुढे" म्हणाला नाही, पट्टीही उचलेना. त्याचं बोट समासाकडे गेलं. तिथे लाल शाईत बारीक अक्षर होतं. मृत. वय छत्तीस दिवस. खबर देणारा, वडील. खाली बाबांची सही, शेवटच्या अक्षराला तोच ऐटबाज फराटा, जो तिच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं उमटला होता.

"ताई, ही नक्कल नाही देता येणार मला," कारकून हळूच म्हणाला. "ही मुलगी वारलीय." मग चष्म्यावरून बघत, खरोखरच कोड्यात पडून, "पण मग तुम्ही कोण?"

"मी आहे की इथे," बेबी म्हणाली. गिऱ्हाईक दुकानाबाहेरून हाक मारतं तेव्हा द्यायचं तेच उत्तर तोंडातून निघालं.

माणूस बिचारा भला. त्याने त्या वर्षाची उरलेली वही पाहिली, पुढच्या वर्षाचीही पाहिली. बेबी कुठेच नव्हती. मग त्याने उशिराच्या नोंदीचा फॉर्म काढून दिला. जन्म देणारी बाई हयात असेल तर तिने स्वतः यायचं, शपथेवर सांगायचं.

त्या दिवशी ती घरी न जाता दुकानात गेली. कपडे दुरुस्तीचं तिचं दुकान, दीड माणसाचं. भिंतीवर खिळ्याला गिऱ्हाइकांच्या मापाचे कागदी साचे टांगलेले. आईचा साचा वेगळा होता, खांदे पट्टीने आखल्यासारखे. मावशीचा साचा नव्हताच. तीस वर्षं ती मावशीचे कपडे स्वतःच्याच साच्यावर बेतत आली होती, कारण दोघींचाही डावा खांदा पाऊण इंच उतरता. एवढा अंदाज सहसा जमत नाही, म्हणून तिला आपल्या नजरेचं कौतुकही वाटायचं. तो साचा तिने खिळ्यावरून काढला, मांडीवर पसरला आणि दिवा न लावता बराच वेळ बसून राहिली.

मावशीने लग्न केलं नाही. टपाल कार्यालयात पत्रं लावायची नोकरी केली आणि बहिणीच्या घरात मागच्या खोलीत राहिली. फोटोत ती कायम कडेला, निम्मी कापलेली. नऊ वर्षांची असताना, आईने धपाटा घातला म्हणून बेबी रागाने म्हणाली होती, "माय मरो, मावशी जगो." सगळ्या घरांत या म्हणीवर हसतात. त्यांच्या घरात आईच्या हातातलं ताट पडलं होतं, आणि बाबा चपला घालून बाहेर निघून गेले होते. बाबा म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारे. नियमात मरणाची खबर द्यायची असते, म्हणून त्यांनी ती दिली असणार आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नसणार. घरातल्यांना वाटत राहिलं, कुठेच काही लिहिलेलं नाही. आता विचारायचं म्हटलं तर बाबांना जाऊन नऊ वर्षं झालेली.

घरी जाऊन तिने एवढंच सांगितलं होतं, "नाव सापडलं. पण पुढे लाल शाईने काहीतरी लिहिलंय. तुम्हाला यावं लागेल."

"सरकारी माणसं, काहीही लिहितात," आई म्हणाली आणि उठून घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली. मावशी मटार सोलत होती, सोलतच राहिली. नंतर बेबीने पाहिलं तर सालं भांड्यात होती आणि दाणे कचऱ्यात.

"दोघींनी यायचं?" मावशीने विचारलं.

"दोघींनी," बेबी म्हणाली.

आठवडा असाच गेला. बेबी प्रश्न घेऊन हिंडत राहिली, शिवताना टाचणी ओठांत धरावी तसा. टाचणी ओठांत असताना तोंड उघडायचं नसतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता त्यांचा नंबर पुकारला गेला. कारकुनाने म्हाताऱ्या बघून बाजूचं दार उघडलं, तिघींना आत घेतलं, आपली खुर्चीसुद्धा दिली आणि स्वतः उभा राहिला.

"आजी, मी वाचतो, तुम्ही सांगा. अर्जदाराला जन्म देणाऱ्या स्त्रीचं नाव?"

"माझंच लिहा," आई म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं असणार?"

कारकुनाने लिहिलं नाही. "एक सांगून ठेवतो. उशिराची नोंद असली की तिकडची माणसं मायलेकींची लाळ तपासायला मागवतात. जुळली नाही तर अर्ज कायमचा बाद. तुमच्या नातीचा, पणतीचाही. म्हणून जे असेल ते लिहू या. तुम्हा दोघी बहिणींचे वडील एकच ना? मग माझ्या कागदाला काही फरक पडत नाही."

त्याला सगळं कळलं होतं. इतकं सरळ की बेबीला त्याचा रागही येईना.

"ताई, तू कर सही," मावशी काचेकडे बघत म्हणाली. "तिची आजारपणं तू काढलीस. शाळा, लग्न, बाळंतपण, सगळं तू. आई म्हणजे आणखी काय असतं? लाळेचं पुढचं पुढे बघू."

"पुढचं पुढे म्हणत म्हणत इथवर आलो," आई म्हणाली.

"मग काय करायचं? मी कधी काही मागितलंय?"

"नाही मागितलंस. तेच तर."

बेबीला वाटलं, आता आपणच बोलावं. लेक घरी घड्याळाकडे बघत बसली असेल. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं, आणि ते कोणाकडून ऐकायचंय हेही तिला ठरवता येईना. एकीकडून ऐकलं असतं तर दुसरी हातची गेली असती.

आईने पेन उचललं. कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"ती वही इथेच असते का?" तिने विचारलं. "मला बघायचीय."

कारकून गेला आणि वही घेऊन आला. पान त्याने खुणेचा कागद घालून ठेवलं होतं. ओळीखाली पट्टी धरली. आईने चष्मा पुसला, वाकली आणि ते नाव वाचलं. मोठ्याने, आडनावासकट. या नावाने आईने आपल्याला कधी हाक मारलेली बेबीला आठवेना, आणि आत्ताही ती हाक तिला नव्हती.

आईने लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, बाबांच्या सहीपाशी थांबली.

"छत्तीस दिवस," ती म्हणाली. "यांनी मोजले होते. मला वाटायचं, मीच एकटी मोजतेय."

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आईने तो झटकला नाही, धरलाही नाही. पेनचं टोपण लावलं, काढलं आणि पेन बहिणीच्या मांडीवर ठेवलं. मग कारकुनाकडे पाहिलं, कारण बाकी दोघींकडे तिला बघवत नव्हतं.

"साहेब, लिहून घ्या. माझी गेली. ही हिची आहे."