खांद्यावर दोन बोटं

तुळजाबाईनं चहाचे दोन ग्लास ताटलीत ठेवले, धूळ बसू नये म्हणून वरून दुसरी ताटली पालथी घातली आणि बाभळीखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे ती निघाली. गाडीतले दोघेही पोलीस चार दिवसांपूर्वी तिला ठाऊकसुद्धा नव्हते. आता मात्र त्यांना यायला जरा उशीर झाला की तिचा जीव वरखाली व्हायचा.

"मावशी, कशाला रोज रोज?" फौजदार म्हणाला.

"तुम्ही रोज या, मी रोज पाजते. अद्रक टाकलंय."

हवालदार अप्पाराव बॉनेटला टेकून, पिस्तुलासारखं दिसणारं वेग मोजायचं यंत्र डोळ्याला लावून उभा होता. सगळा रस्ता त्या यंत्राला कॅमेराच म्हणायचा. शहागडच्या बाजूनं एक ट्रक आला. अप्पारावनं यंत्रात पाहिलं आणि जांभई दिली.

"अडतीस."

"म्हंजे?"

"म्हंजे बैलगाडी, मावशी."

तुळजाबाईला हसू आलं. या रस्त्यावर ट्रकची बैलगाडी झालेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. इथून गाड्या जायच्या त्या सुसाट. तिच्या टपरीचे पत्रे थरथरायचे, बरण्यांची झाकणं वाजायची आणि माणसं रस्ता ओलांडायची ती जीव मुठीत धरून. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या हापशावरून पाणी आणताना तिची सून उषा अशीच गेली. कोणती गाडी होती, कुणी पाहिलं नाही. पाहण्याइतका वेळच त्या गाडीनं कुणाला दिला नाही. मग गावानं एक दिवस रस्ता अडवला, साहेब आले, गतिरोधक झाला. आणि उसाच्या ट्रॉल्या उधळतात, दुधाचे कॅन हिंदकळतात, म्हणून चार महिन्यांत गावानंच तो कुदळी लावून उकरला. ज्यांनी उषाला खांदा दिला होता, त्यांतलेही दोघे कुदळ घेऊन आले होते. तुळजाबाई तेव्हा टपरीच्या दारात उभी होती. त्या दोघांना तिनं पुन्हा कधी चहा दिला नाही.

उषामागं शिवकन्या राहिली. दुसरीतली पोर, आणि शाळा नेमकी रस्त्यापलीकडे. तुळजाबाई तिला रोज हाताला धरून सोडायची, हाताला धरून आणायची. पण टपरी सांभाळता सांभाळता कधी उशीर व्हायचा आणि गुडघेही आता साथ देत नव्हते. या पांढऱ्या गाडीनं मात्र जादूच केली होती. काल पोर एकटी रस्ता ओलांडून आली. धावत नव्हे, चालत. मध्येच थांबून तिनं चपलेचा अंगठाही नीट केला. ते बघून तुळजाबाई टपरीत जाऊन डोळे पुसून आली होती.

दुपारी साहेबराव जेवायला आला. तुळजाबाईचा हा एकुलता एक मुलगा, शिवकन्येचा बाप. तो दुसऱ्याच्या मालकीची काळी-पिवळी जीप शहागडपर्यंत चालवायचा.

"पोलिसाला दया आली रे आपली," भाकरी वाढता वाढता ती म्हणाली. "बघ कशा गाड्या येत्यात, सुनंसारख्या खाली मान घालून."

साहेबराव हसला. "पोलिसाची दया न्हाई, माय. आमची वळख हाय."

"कशाची वळख?"

त्यानं डाव्या हाताची दोन बोटं उजव्या खांद्यावर टेकवली आणि उचलली. "हे असं. फौजदाराच्या खांद्यावर चांदण्या असत्यात ना, ते. समोरून येणाऱ्याला हे दावलं, की पुढं कॅमेरा हाय हे त्याला बराबर कळतं. ट्रकवाले, जीपवाले, मोटरसायकलवाले, समदेच करून राह्यले. मीबी करतो."

तुळजाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"तू करतो? तुझी बायको जिथं पडली तिथं?"

"मंग काय करू? दंड कोन भरंल, मालक? अन् हळू चालवावं तर पाशिंजर म्हंत्यात, ह्याच्यापरीस पायी गेलेलं बरं. उतरून मागच्या जीपमधी बसत्यात."

"अन् आपली पोर?"

साहेबरावनं ताटात हात धुतला. बाहेर पाशिंजर हॉर्न वाजवत होते.

तुळजाबाईला त्या रात्री मुलाचा फार राग आला. फौजदाराला सगळं सांगून टाकावं, असंही मनात येऊन गेलं. पण सांगितलं तर पहिला सापडणार तो आपलाच, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. सकाळी ती चहा घेऊन गेली. अप्पाराव यंत्र पेटीत घालत होता.

"निघालात?"

"हो मावशी," फौजदार म्हणाला. "आता वाटूरच्या बाजूला थांबायचंय. इथं काही सापडेना."

"आवं साहेब, तुम्ही हाय म्हनून तर हळू येत्यात!"

"कळतंय हो. ते एकमेकांना खुणा करतात, हेही कळतंय. सगळीकडेच करतात. पण मला वर साहेबांना आकडे दाखवायला लागतात ना. इथं गाड्या वेगात जातात, हे कशावरून म्हणू? यंत्र तर म्हणतं, या रस्त्यासारखा शहाणा रस्ता नाही."

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा उभ्या उभ्या संपवला, ग्लास स्वतः ताटलीत ठेवला आणि पोरीला जपा म्हणाला. गाडी गेली. बाभळीखाली नुसता चाकांचा माग राहिला.

दुपारपर्यंत रस्त्याला बातमी लागली. शाळा सुटायच्या वेळी टपरीचे पत्रे पुन्हा थरथरू लागले. पलीकडे शिवकन्या दप्तर पाठीला लावून उभी होती. एक टँकर गेला, मागोमाग दोन जीप गेल्या. पोर एक पाऊल पुढं टाकायची आणि मागं घ्यायची. तिला सोबत करायला तुळजाबाई टपरीतून निघाली, तेव्हा शहागडकडून एक ट्रक भरधाव येताना दिसला. तिनं काय केलं ते तिचं तिलाही आधी उमगलं नाही. तिनं दोन बोटं खांद्यावर टेकवली.

ट्रकनं कचकन ब्रेक दाबले. क्लीनरनं खिडकीतून डोकं काढून तिला चक्क नमस्कार केला. "मेहरबानी, अम्मा!" आणि ट्रक गोगलगाईसारखा सरकत पुढं गेला. शिवकन्या हसत हसत रस्ता ओलांडून आली.

तेव्हापासून शाळा भरताना आणि सुटताना तुळजाबाई रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. ज्या खुणेपायी मुलाचा तिला इतका राग आला होता, तीच खूण ती आता डोळ्यांत तेल घालून करत होती. चहा उतू जाई, गिऱ्हाईकं खोळंबत, पण गाड्या थांबत. खोटं बोलल्याचं पाप लागणार असेल तर लागू दे, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं होतं. शिवकन्या हात धरू द्यायलाही आता तयार नसे. आजीची बोटं खांद्यावर गेली की ती निवांत चालू लागे.

पण रस्ता काही वेडा नव्हता. रोजचे जीपवाले आधी हसू लागले. मग ट्रकवाले ढाब्यावर बोलू लागले, की टपरीवाली म्हातारी उगंच फसवते. शेजारचा कारभारी पंक्चरवाला एकदा म्हणालाही, "वहिनी, बस करा आता. काल एक ड्रायव्हर तुम्हाला लई घाण बोलून गेला. माझ्यानं ऐकवलं न्हाई."

"बोलू दे. हळू तर गेला?"

"न्हाई, वहिनी. हळूबी न्हाई गेला."

दुसऱ्या सकाळी टपरीत चार गिऱ्हाईकं बसली होती. तुळजाबाई चहा गाळत होती. तिला वाटलं, पोर अजून वेणीची रिबीन बांधते आहे. वर पाहिलं तर शिवकन्या रस्त्याच्या कडेला पोचलेली. तिनं दप्तर सावरलं, आजी करते तशी दोन बोटं खांद्यावर टेकवली आणि इकडंतिकडं न बघता चालू लागली.

गाळणी कुठं पडली, चहा कुणाच्या पायावर सांडला, तुळजाबाईला काही कळलं नाही. तिच्या हाताला दप्तराचा बंद लागला तो तिनं जिवाच्या आकांतानं ओढला. दोघी मुरमावर पडल्या. एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून वारा देऊन गेला. त्याचा वेग जराही कमी झाला नव्हता.

कोपर सोललेलं होतं, तरी पोर रडत नव्हती. तिला नुसतं नवल वाटत होतं.

"आजी, मी तर तुझ्यासारखंच केल्तं. मंग तो का न्हाई थांबला?"

तुळजाबाईनं तिला उठवलं, फ्रॉक झटकला आणि टपरीमागच्या घरात आणलं. दप्तर पाठीवरून काढून तिनं खुंटीला अडकवलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. पलीकडून पोरांचा प्रार्थनेचा आवाज येऊ लागला. शिवकन्या दारात बसून ऐकत राहिली, तिला कुणी जा म्हटलं नाही.

दुपारी साहेबराव जेवायला आला. खुंटीवरचं दप्तर त्यानं पाहिलं, पोरीच्या कोपरावरची हळद पाहिली.

"शाळा?"

"ऱ्हाऊ दे आता," तुळजाबाई म्हणाली. "पोर ऱ्हाईल तर बास."

तो पुढं काही विचारणार होता, पण बाहेर हॉर्न वाजला. "चल की रे जल्दी!" कुणीतरी ओरडलं. साहेबराव अर्ध्या भाकरीवरून उठला आणि पाणी पिऊन जीपमध्ये बसला.

शिवकन्या दारातून उठली आणि रस्त्याच्या कडेपर्यंत आली. जीप वळून समोर आली तेव्हा तिनं बापाकडे पाहत दोन बोटं खांद्यावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. साहेबरावनं ते पाहिलं. त्याला पोरीचं कौतुक वाटलं. हसत त्यानंही आपल्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि गिअर बदलला.

टपरीचे पत्रे थरथरले. तुळजाबाईनं बरण्यांच्या झाकणांवर हात ठेवला.