वाळू पडेपर्यंत

मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. मित्रांनो, लगेच "वा, किती सुंदर!" म्हणू नका. माझ्या काचेवर निळे ठसे आहेत. वरच्या लाकडी चकतीला डिंक लागलाय, त्यात एक माशी चिकटून मेली आहे. पण मला किळस तिची येत नाही. माशी बिचारी निदान गप्प तरी आहे. मला किळस येते ती माणसांच्या जिभेची. का, ते सांगतो.

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्या कारागिराच्या श्वासातून झाला. तो घामाने थबथबलेला असायचा, खोकायचा, पण नळीत हवा सोडताना तान्ह्या बाळाच्या कपाळावर फुंकर घालावी तसा जपायचा. मग मी एका रंगाऱ्याच्या कारखान्यात आलो. सूत रंगाच्या हंड्यात सोडलं की मला उलटं करायचं. वाळू संपली की सूत बाहेर. वासाचं तर विचारूच नका! वाफ, ओलं सूत, आंबलेला रंग, आणि मला धरणारे हात कोपरापर्यंत निळे. पण काम चोख होतं. "या घड्याळाने माझा एक रंग बिघडवला नाही," असं रंगारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि मी आतल्या आत फुगायचो.

रंगाऱ्याच्या मुलाचं लग्न एका शाळामास्तरांच्या मुलीशी झालं. दोन्ही घरांचे धर्म वेगळे. लग्न लागलं खरं, पण व्याही-व्याही समोरासमोर बसले की देवाचा विषय निघायचा आणि चहा थंड व्हायचा. एकाचं वाक्य पुरं होण्याआधी दुसऱ्याचं सुरू. शेवटी रंगाऱ्याची बायको वैतागली. तिला सगळे काकी म्हणत. तिने मला उचललं आणि दोघांच्या मध्ये आदळलं.

"सूत तरी नीट भिजू देता ना? मग माणसाचं बोलणं का नाही भिजू देत? घड्याळ उलटं करील त्यानेच बोलायचं. वाळू पडेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. मग दुसऱ्याने आधी ऐकलेलं परत सांगायचं. समोरचा 'हो, हेच' म्हणाला, तरच आपलं घोडं पुढे दामटायचं!"

सुरुवातीला दोघे हसले. मग सवय लागली. एका संध्याकाळी रंगारी म्हणाला, "मास्तर, तुमचं म्हणणं असं, की देव आपलं सगळं लक्षात ठेवतो ते शिक्षा करायला नाही, तर कुणीच विसरलं जाऊ नये म्हणून. हेच ना?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हो, हेच. व्याहीबुवा, मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं."

कुणी आपला धर्म सोडला नाही. पटलं नाही तर "नाही पटत बुवा" म्हणायचे आणि गरम चहा प्यायचे. मित्रांनो, इतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

मग सून आजारी पडली आणि गेली. मागे राहिली तिची लहानगी मुलगी, ठमी. बाप रंगाच्या हंड्यांपाशी तोंड लपवून बसलेला, म्हणून ठमीने दोन्ही आजोबांना एकच प्रश्न विचारला, "आई कुठे गेली?"

रंगाऱ्याच्या धर्मात माणूस नवा जन्म घेऊन परत येतो. मास्तरांच्या धर्मात तो देवाजवळ राहतो आणि आपल्या माणसांची वाट पाहतो. पोरीला कोणतं उत्तर द्यायचं? एकाची सून गेली होती, दुसऱ्याची लेक. रडायचं सोडून दोघे जिंकायला बसले.

नियम मोडला नाही बरं का. तिथेच तर मला शिसारी आली. ऐकलेलं परत सांगायचं ना? सांगत होते, पण वेडावून. मास्तर ओठ वाकडे करून म्हणाले, "तुमचं म्हणणं असं, की माझी मुलगी मांजर होऊन गल्लीत हिंडतेय. हेच ना?"

रंगारी कुठला गप्प बसतोय! "आणि तुमचं म्हणणं असं, की ती ढगावर पाय सोडून बसलीय. हेच ना?"

थुंकी उडत होती, माझ्या काचेवर. शिवाय दुसऱ्याची पाळी लवकर संपावी म्हणून दोघेही नखाने मला टिचक्या मारत होते. वाळू भरभर पडावी म्हणून! थोड्याच दिवसांपूर्वी याच बोटांनी तिच्या तापलेल्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. शी! माझ्या काचेला बाहेर वाट नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी सगळी वाळू ओकलो असतो.

ठमी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि प्रश्न विचारणं बंद केलं. सकाळी ती आपलं दूध गल्लीतल्या मांजरीला पाजू लागली. ते झालं की अंगणात जाऊन ढगांकडे बघून हात हलवायची. काकीने विचारलं, "दूध का गं देतेस तिला?" तर म्हणाली, "आई असली तर?"

काकीने हे दोन्ही आजोबांना सांगितलं. तर त्यावरूनही जुंपली! पोरीच्या डोक्यात हे कुणी भरवलं म्हणून.

तेवढ्यात ठमी स्टूल ओढत आली, त्यावर चढली आणि मला उलटं केलं. "आता मी."

नियम तो नियम. दोघे गप्प झाले. ठमी मात्र काहीच बोलली नाही. हनुवटी टेबलावर टेकवून वाळूकडे बघत राहिली. वर्षानुवर्षं घासून माझी वाळू पिठासारखी बारीक झाली होती. ती मधेच अडकली. रंगाऱ्याचं बोट सवयीने टिचकीसाठी उठलं. मास्तरांनी ते हातात धरलं आणि सोडलं नाही. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मीच बंद पडलो होतो. मग वाळू आपणहून सुटली आणि सगळी खाली आली.

"सांगा," ठमी म्हणाली, "मी काय म्हणाले?"

आयुष्यभर पोरांना धडे म्हणून दाखवायला लावणारे मास्तर पोरासारखे उठून उभे राहिले. म्हणाले, "तू म्हणालीस... तुला आई पाहिजे."

"हो, हेच."

तिने मला त्यांच्यापुढे सरकवलं. "आता तुमची पाळी." मास्तरांनी मला उलटं केलं, पण वाळू संपेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. खांदे तेवढे हलत होते. नियमाप्रमाणे रंगाऱ्याने ऐकलेलं परत सांगितलं. "मास्तर, तुमचंही म्हणणं तेच. हेच ना?"

"हो. हेच."

आता कारखान्यात विजेचं घड्याळ आलंय. मी खिडकीत धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, देवाबद्दल, धर्माबद्दल जरूर बोला, नाही पटलं तर तसं सांगा. पण समोरचा बोलत असताना तुमचं बोट टिचकीसाठी उठलं, तर ते दुसऱ्या हाताने धरून ठेवा. माझ्यावरची माशी नाही काढलीत तरी चालेल.