बिनसुईची पिचकारी

मी इन्सुलिनची पिचकारी बोलतेय. रंग उडवणारी नव्हे. स्टीलची, जड, परदेशात घडलेली. मला सुई नाही. पोटात दणकट स्प्रिंग आहे. बटण दाबलं की औषधाची बारीक धार कातडीतून आत शिरते.

१९८६ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या ज्युलियसने मला मरोळच्या गावठाणात, थोरल्या बहिणीसाठी आणलं. त्या बहिणीला, पर्पेच्युआला, मधुमेह होता आणि सुईची भयंकर धास्ती. ज्युलियसने बजावलं, "बाय, ही तुझी एकटीची हां. कुणाला द्यायची नाय. तोंड सुटं करून उकळत जा."

तिने मान डोलावली. माणसं मान फार लवकर डोलावतात.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. ती मला सरळ मांडीवर टेकवायची, धार पुरी जाईपर्यंत हलवायची नाही, रोज जागा बदलायची. तिची साखर उतरली, चेहरा उजळला. मला तिचा लळा लागला.

शेजारच्या वनमालालाही इन्सुलिन घ्यावं लागे. दोघींच्या घरांतून सुकट, विरजण, सगळंच इकडून तिकडे जायचं, मग माझी काय कथा? "ये गं, तू पण घे," पर्पेच्युआ म्हणाली. "सुईच नाय, तर घाबरायचं कशाला?"

तेव्हापासून रोज सकाळी आधी वनमाला, मग पर्पेच्युआ. मधे मला पदराने पुसायचं, झालं. पण धार शिरताना रक्ताचा कण उलट उडतो, डोळ्यांना न दिसणारा. तो माझ्या तोंडात राहायचा. वनमालाच्या रक्तात कावीळ दबा धरून होती. तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

काही महिन्यांनी पर्पेच्युआचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाची सुई वापरली होतीत का?"

"मी सुई घेतच नाय, डॉक्टर."

ती खरंच बोलत होती. मी तिच्या पिशवीत पडून ऐकत होते आणि आतल्या आत जळत होते.

पर्पेच्युआ गेली. शेवटपर्यंत वनमालानेच तिला पेज भरवली. पर्पेच्युआच्या नवऱ्याने, अर्बनने, मला वनमालाच्या हातात ठेवलं. "तिची आठवण म्हणून वापर," तो म्हणाला.

आता मी वनमालाच्या कपाटात असते. ती मला जिवापाड जपते, पुसते. उकळत मात्र नाही. बाबांनो, मला एकाच माणसाची राहू द्या. सुई नसली तरी रक्त असतंच. पण माझं ऐकतंय कोण?

काल तिच्या नणंदेला, सुगंधाला, डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. ती सुईच्या भीतीने रडत बसली होती. वनमालाने तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "रडतेस काय गं? उद्यापासून माझ्याकडे ये."