ब्रेकवरचा पाय

"पाय काढ!" किकोटी बॉनेटखालून ओरडला.

"कुठला पाय?" चपातीचा घास चावत ओबादियाने विचारलं.

"ब्रेकवरचा, लेका! तुला काय चार आहेत?"

ओबादियाने पाय काढला. आचके देणारं इंजिन लगेच सावरलं.

"आता परत दाब."

इंजिन पुन्हा धापा टाकू लागलं आणि बंद पडलं.

किकोटी सरळ उभा राहिला. महिनाभर ओबादियाच्या या टॅक्सीने त्याला छळलं होतं. सवारी घेऊन चौकात थांबलं की ती बंद पडायची, आणि इरिंगा शहराच्या बाजारामागच्या त्याच्या गॅरेजात आली की सुतासारखी सरळ चालायची. इंजिनात कुठून तरी चोरटी हवा शिरत होती, एवढं नक्की. त्याने रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं प्रत्येक सांध्यावरून फिरवलं होतं. सांध्यांवर पाणी शिंपडून इंजिनाचा आवाज बदलतो का, तेही पाहिलं होतं. काही हाती लागलं नव्हतं, कारण तपासताना गाडीत कोणी बसलेलंच नसायचं. आज ओबादिया न्याहारी करत आत बसला होता आणि सवयीने त्याचा पाय ब्रेकवर गेला होता.

"उतर. चहा पिऊन ये, जा," किकोटी म्हणाला. "मला नीट बघू दे."

"बघ, बघ. तुझं बघून होईस्तोवर माझी नातवंडं टॅक्सी चालवतील."

ओबादिया रस्त्यापलीकडे ताबिथाच्या टपरीवर गेला. पायाने हलकेच दाबलं तरी गाडी थांबावी म्हणून ब्रेकच्या मागे एक गोल डबा असतो. इंजिन एका नळीतून त्यातली हवा ओढत राहतं. आतला रबरी पडदा फाटला असेल, तर पाय दाबला की फट उघडते आणि बाहेरची हवा त्या वाटेने थेट इंजिनात जाते. किकोटीने ती नळी उपसली, इंजिनाकडचं तोंड बुचाने बंद केलं आणि आत बसून स्वतः ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट लागलं, पण इंजिन जराही चुकलं नाही. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला.

आता दुसरा डबा आणायचा. भंगारवाल्यांची गल्ली मागेच होती. गेल्या आठवड्यात उघड्या गाडीतून कोणीतरी बॅटरी उचलून नेली होती, म्हणून त्याने जाताना बॉनेट खाली ओढलं. किल्ली आतच राहिली.

भंगारातला डबा बगलेत मारून तो परतला तेव्हा गॅरेजासमोरची झाडाखालची गाडीची जागा रिकामी होती. मातीवर तेलाचा एक ओला डाग तेवढा होता.

"ताबिथा! गाडी?"

"गेला की घेऊन. इपोगोलोला जाणाऱ्या तीन सवाऱ्या मिळाल्या त्याला," ताबिथा पीठ मळता मळता म्हणाली. "म्हणाला, बॉनेट बंद म्हणजे काम झालं. चालू करून बघितली, काय सुरेख चालत होती, भाऊ! पुढेमागे करून म्हणाला, मिस्त्रीने ब्रेकसुद्धा आवळून दिलेत."

किकोटीच्या बगलेतला डबा खाली पडला. बॉनेट उघडं म्हणजे गाडी मिस्त्रीची, बंद म्हणजे मालकाची. ही रीत या गल्लीत त्याच्याएवढी जुनी होती. आणि इपोगोलो डोंगराच्या पायथ्याला; शहरातून तिथे जाणारा रस्ता सगळा उतार.

"अहो, काय झालं? असे काय बघताय?"

त्याने ओबादियाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्याने समोरून जाणारी भाड्याची मोटारसायकल अडवली आणि मागे बसला.

उतारावर प्रत्येक वळणाआधी तो डोळे मिटायचा आणि वळण गेलं की उघडायचा. खाली दरीत काही पांढरं दिसलं की त्याला ती पांढरी टॅक्सीच वाटायची. ती कधी शेळी निघायची, कधी वाळत घातलेला कपडा.

शेवटच्या मोठ्या वळणाआधी टॅक्सी दिसली. रस्ता रुंद करायला टाकलेल्या मातीच्या ढिगात तिचं नाक रुतलं होतं. तिघी बायका कडेला बसल्या होत्या. एक रडत होती. बाकीच्या दोघी नुसत्याच समोर बघत होत्या. इंजिन चालू होतं, अगदी संथ.

ओबादिया आतच होता. दोन्ही पाय ब्रेकवर, पाठ सीटमध्ये रुतलेली.

"संपलं. उतर आता," किकोटी म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.

"पाय निघत नाहीत."

किकोटीने वाकून दोन्ही हातांनी एकेक पाय पेडलवरून उचलला आणि बाहेर मातीवर ठेवला. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. तो गुडघ्यांवर बसून त्या चोळू लागला.

"जरा जास्तच आवळलेस रे," ओबादिया म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "सैल कर थोडे. बायामाणसं असतात गाडीत."

खोटं बोलणं किती सोपं होतं! ओबादियाला आयुष्यात कळलं नसतं.

"आवळले नव्हते," किकोटी म्हणाला. "ब्रेकचा जोर मी तोडून ठेवला होता. तपासायला. तुला न सांगता गेलो."

ओबादिया त्याच्याकडे बघत राहिला. चुकून अनोळखी माणसाला हाक मारली गेल्यासारखा. मग त्याने त्या तिघी बायकांकडे पाहिलं.

तो उठू लागला. आधारासाठी त्याचा हात किकोटीच्या खांद्याकडे आला आणि टेकण्याआधीच थांबला. मग त्याने गाडीचं दार धरलं आणि आपला आपण उभा राहिला.