बसलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या डोक्याची जाळी एका बाजूने चेपली आहे आणि मानेशी वायरला चिकटपट्टी गुंडाळली आहे. सध्या वाचनालयाच्या सभागृहातल्या एका खणात, गंजक्या कात्रीशेजारी माझा मुक्काम असतो. मला स्वतःचे असे काही बोलता येत नाही. कानावर पडेल ते मोठे करून सांगायचे, एवढेच माझे काम. आज मात्र मनात साठलेले सांगतो.

कारखान्यात पहिल्यांदा डोक्यात टपली बसली आणि पाठोपाठ "हॅलो, हॅलो" ऐकू आले. पुढे ज्याने ज्याने हातात घेतले, त्याने आधी टपलीच मारली. वाचनालयात मला सभांसाठी आणले होते. "फक्त दोन शब्द बोलतो" म्हणणारी माणसे तास तास मला सोडत नसत. भाषणे ऐकून माझे कान किटले होते. अशात बाई आल्या.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे; त्यांना सगळे काका म्हणत. दर रविवारी संध्याकाळी सभागृहात आशियातले सिनेमे दाखवायचे, ही कल्पना काकांचीच. कधी जपानी, कधी इराणी, कधी कोरियन. पडद्याची काळी चौकटसुद्धा त्यांनीच रंगवली होती. मग काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले आणि ते यायचे बंद झाले. "तुम्ही चला तर खरं, मी सांगते," म्हणत बाईंनी त्यांना हाताला धरून पुन्हा पहिल्या रांगेत आणून बसवले.

पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून बाई त्या आपल्या भाषेत काकांच्या कानात सांगू लागल्या. आधी मागून "शू, शू" झाले. हळूहळू तेच लोक पुढे वाकून ऐकू लागले. शेवटी प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर मला घेऊन आला. "बाई, कानगोष्टी पुरे झाल्या. आम्हालाही सांगा की!"

टपली न मारता मला हातात घेणाऱ्या त्या पहिल्याच. काय आवाज होता तो! चोरही त्याच, पोलीसही त्याच आणि रुसलेली सूनही त्याच. एकदा पडद्यावर बराच वेळ कुणी बोलेना, तेव्हा काकांनी विचारले, "हे लोक गप्प का गं?"

"बोलतायत हो, डोळ्यांनी," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. त्या दिवसापासून डोळे काय बोलतात तेही त्या सांगू लागल्या.

त्यांची एक खोड होती. सिनेमातला माणूस घर सोडताना "मी जातो" म्हणाला, तरी बाई "येतो हं" असेच सांगत. ऑपरेटर म्हणायचा, "बाई, खाली जातो लिहिलंय."

"लिहू दे. घरातून निघताना जातो म्हणतं का कुणी?"

आणि पहिल्या रांगेतून काका पडद्याला उत्तर देत, "बरं, या!" सगळे सभागृह हसायचे. मित्रांनो, तेवढ्या हसण्यासाठी मी आठवडाभर वाट बघत असे.

मग एका रविवारी बाईंच्या आवाजात खरखर आली. शब्दाच्या शेवटी काहीतरी अडकायचे. मी ते जसेच्या तसे मोठे करून सगळ्यांना ऐकवले. माझ्या हातात तेवढेच होते. लोक म्हणाले, "माईक गेला वाटतं."

ऑपरेटरने माझी वायर बदलली. खरखर राहिलीच. त्याने जाळी पुसली, मानेला पट्टी लावली.

"बाई, तुमचा आवाज तर बसला नाही ना?" त्याने एकदा विचारले.

"छे, तुमचा माईकच म्हातारा झालाय," बाई हसून म्हणाल्या. काका शेजारीच बसले होते. त्यांना कळू नये म्हणून बाईंनी माझ्यावर ढकलले, आणि सगळ्यांनी ते खरे मानले. रविवारमागून रविवार गेले.

शेवटच्या सिनेमात एक आई झोपलेल्या मुलांना सोडून घराबाहेर पडते. बाईंचा आवाज तोवर इतका खोल गेला होता, की ऑपरेटरने माझा आवाज पूर्ण मोठा केला होता. आई उंबऱ्याशी थांबली आणि बाई माझ्याजवळ तोंड आणून म्हणाल्या, "येते हं."

"बरं, ये," काका म्हणाले. लोक नेहमीसारखे हसले. ऑपरेटर हसला नाही. पडद्यावर खाली एकही ओळ नव्हती. ती आई काहीच बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. स्वरयंत्र काढून टाकावे लागले. फार उशीर झाला होता, असे डॉक्टर म्हणाले. बाई परत आल्या. आवाज आला नाही.

आता सिनेमाच्या खाली आपल्याच भाषेत ओळी येतात. लोकांची सोय झाली आणि मी खणात गेलो. बाई आता लिहून बोलतात. सगळ्यांना ते वाचता येते, एका काकांना सोडून.

तरी एका रविवारी दोघे आले. सवयीने काका विचारत राहिले, "आता काय झालं गं? कोण आलं?" बाई त्यांचा हात दाबत राहिल्या. हाताने कितीसे सांगणार? मागून कुणीतरी "शू" केले.

बाईंनी त्यांचा हात सोडला. जरा वेळाने काकांनी शेजारची खुर्ची चाचपली. "आहेस ना गं?"

ऑपरेटरला राहवले नाही. त्याने सिनेमा थांबवला, मला खणातून काढून बाईंच्या हाती दिले आणि बटण दाबले. बाईंनी सवयीने मला तोंडाजवळ नेले. काही नाही. मग त्यांनी मला खाली, गळ्याच्या रुमालाजवळ धरले. तिथल्या भोकातून त्या आता श्वास घेतात. तो श्वास मी सभागृहभर मोठा केला. आत. बाहेर. पुन्हा आत.

काकांनी मान वर केली. "आलीस?" ते म्हणाले आणि रडू लागले.

त्यानंतर ते दोघे आले नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी सांगणार नाही. माझी फार काळजी घेतली गेली. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज बसलेला ऐकू आला, तर त्या माणसाजवळ जा, नीट विचारा, आणि ते हसून "काही नाही" म्हणाले तरी पुन्हा विचारा. इथे माझी वायर बदलली, जाळी पुसली, मानेला पट्टी लावली. बाईंचा घसा मात्र कुणी पाहिला नाही.