पाताळबाबांचा उजवा जोडा

पायाखालची नदी ज्याला ऐकू येते, त्याच्यापुढे इतिहास हात जोडून उभा राहतो. आमच्या गल्लीत इतिहासाच्या हातात दगड होते, त्यामुळे जोडायचं राहून गेलं. पहिल्याच दगडाने शिंपीणबाईंची खिडकी फुटली.

आठवड्यापूर्वी एक लहान विमान, शेत नांगरावं तसं, गावावरून येरझारा घालून गेलं होतं. जमिनीत बुजलेल्या प्राचीन नदीचा नकाशा काढत होते म्हणे. नळ कोरडे होतेच. विमान गेलं आणि पाताळबाबा उगवले.

"विमानाला नदीची हाडं दिसली, मला तिचा हुंदका ऐकू येतो!" बाबांनी बाईंच्या उंबऱ्यावर होकायंत्र ठेवलं, शेजारी भक्तिभावाने उजवं पाऊल टेकवलं. काटा गर्रकन फिरला. "इथेच अडलीय! या बाईने दाबून धरलीय. घर पाडा, नळ वाहतील!"

एका विधवेने शिलाई मशीन चालवता चालवता अख्खी नदी दाबून धरली, हे गर्दीला ताबडतोब पटलं. पहार घेऊन सर्वांत पुढे बाईंचा सख्खा दीर.

"वहिनी, बाजूला व्हा."

"भावजी, या भिंती तुमच्या भावाने बांधल्यात."

"म्हणून तर मी पाडतोय. परक्याने कशाला हात लावायचा?"

पहार दारावर बसली. बाईंनी चौकट धरली, तर कुणीतरी बोटांवर काठी हाणली. केसांना धरून त्यांना फरफटत बाहेर काढलं. विमानातल्या यंत्रावर काम करणारी मुलगी समोरच भाड्याने राहायची. ती धावत मध्ये पडली, तर कपाळावर वीट बसली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी ती ओरडत होती, "नदी गावाबाहेरून गेलीय! इथून नाही!" मशीन भिंतीवर आदळलं. डबे फुटले, सुया-टाचण्या खोलीभर सांडल्या.

बाबा विजयी मुद्रेने आत गेले. बाहेर आले तेव्हा उजव्या जोड्याला दाढी फुटली होती. सुया, टाचण्या आणि एक लोंबती कात्री. डावा जोडा गुळगुळीत.

"नदी पायाला चिकटली वाटतं," मी म्हणालो.

"जोड्याच्या तळात लोहचुंबक आहे," मुलगी पदराने... म्हणजे बाईंच्याच पदराने रक्त पुसत म्हणाली. "जुन्या नदीने आणलेल्या वाळूत चुंबकीय कण असतात. त्यांची ओढ इतकी क्षीण, की ती टिपायला विमानाला खास यंत्र लावावं लागतं. होकायंत्राचा काटा तिने हलत नाही. आणि पाणी आहे की नाही, ते बोअर मारून कळतं. घर पाडून नाही."

दिराने बाबांची गचांडी धरून पहार उगारली. गर्दी तीच, "हाणा!" तेच, फक्त डोकं बदललेलं. बाईंनी सुजल्या हाताने पहार अडवली.

"भावजी, आज एक डोकं फुटलं तेवढं पुरे."

वाचकहो, काटा फिरला की आधी विचारावं, "महाराज, जरा पाऊल उचलता का?" एवढ्या प्रश्नाने कुठलाही देव रागावत नाही. रागावलाच, तर तो देव नव्हे, जोडा आहे. फक्त हा प्रश्न दगड उचलण्याआधी विचारायचा असतो.

बाबा मागच्या मागे सटकू लागले. बाईंनी हाक मारली.

"अहो बाबा, तो जोडा तेवढा ठेवून जा. सुया गोळा करायचं माझं लोहचुंबक तुमच्या लोकांनी कुठे फेकलं कोण जाणे, आणि मी मशीनवर अनवाणी बसते."