भांगाची सुट्टी

गुणाजीला बांधाचं काही शिकवायला त्याच्या गावात कोणाची छाती नव्हती. धरमतरच्या खाडीला लागून गावाची भातशेती, आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मैलभर लांब मातीचा बांध. हा बांध राखणाऱ्या गावकऱ्यांच्या टोळीला तिकडे जोळ म्हणतात. गुणाजी तीस वर्षं जोळाचा म्होरक्या. बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की हा आधी चिखलात, मग बाकीचे. खेकड्याची बिळं बघून सांगायचा, "पुढल्या उधाणाला हितं खांड जानार." आणि जायची! मग चार दिवस स्वारी हवेत.

असला माणूस, पण बायकोच्या दुखण्यापुढे त्याचे हातपाय गळाले. हौसाच्या ओटीपोटात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधली औषधं झाली, केस गेले, परत आले, ते आधीपेक्षा कुरळे. "म्हातारपनी नटी झाले बघा," हौसा म्हणायची. आता राहिल्या होत्या फक्त गोळ्या. सकाळी आठला दोन, रात्री आठला दोन, रोजच्या रोज.

रोह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मोकलबाई पेणकडच्याच शेतकऱ्याची लेक. गोळी काय करते ते त्यांनी गुणाजीला त्याच्याच भाषेत सांगितलं.

"काका, कॅन्सरची पेशी भराभरा वाढते. एकीच्या दोन व्हायच्या तर आतला सगळा नकाशा पुन्हा उतरून काढावा लागतो. त्या घाईत नकाशाचा धागा जागोजागी तुटतो. समजा, खांडीच जातात. आपल्या चांगल्या पेशीत या खांडी बांधायला दोन जोळ असतात. काकींच्या गाठीतल्या पेशीत त्यातला एक जोळ मोडका. ती जगते दुसऱ्याच्या जिवावर. ही गोळी त्या दुसऱ्याला कामाला हात लावू देत नाही. खांडी तशाच राहतात आणि पेशी बुडते."

"आनी चांगली पेशी?"

"तिचा पहिला जोळ शाबूत आहे की! ती तगते."

गुणाजीला हे फार आवडलं. गावात आल्या आल्या त्याने पारावर सांगून टाकलं, "आक्खा जलम खांडी बांधल्या. आता बायकोच्या पोटातल्या खांडी उघड्या ठेवायचं काम लागलंय!" हसला खरा, पण गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला, आणि आठच्या ठोक्याला पाण्याचा तांब्या घेऊन हजर राहू लागला.

गोळी जालीम होती. हौसाला मळमळायचं, घास तोंडात फिरायचा. वालाचं बिरडं म्हणजे तिचा जीव की प्राण, पण वाटी पुढे केली की पदर नाकाला. ते गुणाजीला बघवेना. आणि माणसाचं डोकं चालतं ते आपल्या धंद्याच्या वाटेनंच. त्याने विचार केला, पुनवेला, अवसेला उधाण येतं, पाणी बांधाला धडका मारतं, तेव्हा डोळ्यात तेल घालून जागावं लागतं. अष्टमीला भांग. पाणी मरगळलेलं, खाली. भांगाला बांधावर पहारा कोण देतं? मग अष्टमीच्या आगेमागे पाच दिवस हिला सुट्टी दिली तर काय बिघडलं?

दिली सुट्टी. हौसाने विचारलं, तर म्हणाला, "बाईंनीच सांगितलंय गो." धडधडीत खोटं! पण तिसऱ्या दिवशी हौसा पोटभर बिरडं जेवली, वाटी पुसून खाल्लीन, आणि गुणाजीला वाटलं आपण मोठा तीर मारला. दोन महिन्यांत चार अष्टम्या आल्या, चारही पाळल्या.

मग तपासणीचा दिवस आला. पेणहून एसटी धरून दोघं रोह्याला गेली. मोकलबाईंनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. रक्तातला जो आकडा मागल्या वेळी चौदा होता तो अठ्ठेचाळीसवर गेला होता. पस्तिसाच्या आत हवा.

"स्कॅनमध्ये नवी गाठ नाही, एवढं नशीब. पण आकडा का चढला? गोळ्या वेळेवर घेताय ना, काकी? डबा बघू."

डब्यात ऐंशी गोळ्या शिल्लक निघाल्या. हौसा नवऱ्याकडे बघत राहिली. गुणाजीने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि भांगाचा सगळा हिशोब सांगून टाकला. ओरडा खायची तयारी ठेवूनच बसला होता तो.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, बांधाला खांड गेली तर तुमचा जोळ ती बांधतो कधी?"

"भांगाला," गुणाजी पटकन म्हणाला. "उधानात माती ठरते व्हय? पानी खाली असंल तवाच तर..."



अरे देवा! तीस वर्षं भांग साधून खांडी बांधणारा माणूस! आणि वैऱ्याच्या जोळाला नेमके कामाचे दिवस त्यानेच मोकळे करून दिले होते. एकदा नाही, चारदा. पहारेकऱ्याच्या डोक्याने विचार केला, बांधणाऱ्याच्या डोक्याने केलाच नाही.

"आता बुडालं का वो सगळं?" त्याने विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येत. पुन्हा नेमाने सुरू करू. मळमळीची गोळी मी देते, ती आधी घ्यायची. दोन महिन्यांनी रक्त बघू. आणि त्रास झाला तर मला फोन करायचा, अष्टमीला नाही विचारायचं."

परतीच्या एसटीत गुणाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. नागोठणं गेलं तेव्हा हौसा म्हणाली, "रडताव कशाला? माज्या पोटात घास जावा म्हनूनच केलात ना? पन पुना खोटं बोललात तर बांधात पुरीन."

दोन महिने त्या घरात घड्याळ म्हणजे देव झालं. अष्टम्या आल्या नि गेल्या, पण गोळी चुकली नाही. मळमळ होती, पण बेताची. रात्री गुणाजी तिचा श्वास ऐकत पडायचा, आणि आपल्या अकलेला शिव्या घालायचा.

रक्त दिलं त्याच आठवड्यात बांधाला खांड गेली, आणि अष्टमीला सकाळी जोळ कामाला लागला. दामू आणि काळुराम चिखलाचे गोळे हातोहात देत होते, गुणाजी कमरेइतक्या पाण्यात. जोळाचा कडक नेम असा, की खांड मिटेपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही. पण आठ वाजत आले तसा तो चुळबुळू लागला आणि शेवटी काठावर चढलाच. काळुराम ओरडला, "अरं गुनाजी, तूच पळालास तर कसं व्हायचं?"

"जाऊ दे मला! आठ वाजतात!"

तेवढ्यात बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. हौसा. वर्षभरात दवाखान्याखेरीज जी ओटीवरून खाली उतरली नव्हती ती मैलभर चालत आली होती, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन. दमली होती, पण चेहरा नुसता फुलला होता.

"बाईंचा फोन आला. एकवीस," ती म्हणाली.

गुणाजी मटकन बांधावरच बसला आणि चिखलाच्या हातांनी तोंड झाकून, सगळ्या जोळासमोर, हुंदके देऊन रडला. कोणी हसलं नाही.

हौसाने पदराची गाठ सोडली, दोन गोळ्या काढल्या आणि बांधावर ठेवलेल्या त्याच्याच तांब्यातल्या पाण्याने गिळल्या.

"उठा आता," ती म्हणाली. "तुमची खांड बांधा. माजी ऱ्हाऊ द्या तशीच."